खोगीर उलटे करून पाहा



एखाद्या माणसाने तोंडात पानाचा तोबरा भरला आहे, असे आपण सहज म्हणतो. सभेत वक्ते कमी आणि व्यासपीठावर माणसे जास्त दिसली की 'सगळी खोगीरभरती आहे' असे म्हणून मोकळे होतो. मुलगा फार उधळला तर 'याला आता लगाम घाला' असे घरातले वडील माणूस बजावते. पण तोबरा म्हणजे मूळची काय वस्तू, हे उद्या वर्गात विचारून बघा. चाळीस मुलांत एक हात वर आला तर नशीब म्हणायचे!

तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. खोगीरभरती म्हणजे खोगिराच्या पोटात भरायचा कापूस, लोकर, चिंध्या किंवा गवत. घोडा अंगणातून गेला, त्याचे सामान दावणीवरून माळ्यावर गेले, आणि शब्द तेवढे आपल्या जिभेवर राहिले. त्या माळ्यावरच्या सामानाविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत. एकोणिसाव्या शतकातील लष्करी घोड्यांचे सामान, म्हणजे खोगीर, लगाम, रिकीब, तंग, दुमची, नमदा, तोबरा, आगाडी-पिछाडीचे दोर. त्यांचा संग्रह कसा करावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कशासाठी करावा, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, हा तर राजेरजवाड्यांचा आणि पैसेवाल्या हौशी लोकांचा छंद. आम्हां शेतकऱ्यांना आणि शाळामास्तरांना त्याचे काय? तर तसे नव्हे. तलवारी आणि चिलखते राजवाड्यांतून राहिली हे खरे. पण साध्या स्वाराचे खोगीर राहिले असेल, तर ते तुमच्यामाझ्या गावातल्या एखाद्या जुन्या घरातच राहिले असणार. तसे का, ते समजण्यासाठी मराठी घोडदळाची रीत थोडी ध्यानात घ्यावी लागते.

आपल्याकडे स्वार दोन जातीचे असत. एक बारगीर आणि दुसरा शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून किंवा सरदाराकडून मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे आणि खोगीरही स्वतःचे. मोहिमेवर निघण्याआधी त्याला सरकारातून खर्चासाठी काही रक्कम मिळे, तिला 'नालबंदी' म्हणत. घोड्याला नाल ठोकण्यापासून मोहिमेची तयारी सुरू होते, म्हणून हे नाव. आता विचार करा. घोडा मेला तर शिलेदार नुसता पायदळी येत नसे, त्याच्या घरची पुंजीच बुडत असे. शेतकऱ्याचा बैल ऐन पेरणीत बसावा, तसे ते संकट होते. त्यामुळे घोड्याच्या पाठीवर काय घालायचे, ते कसे शिवायचे, त्यात काय भरायचे, याचा विचार शिलेदाराच्या घरात पोटापाण्याच्या कळकळीने होत असे.

पुढे काळ फिरला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांचे घोडदळ इंग्रजांच्या फळीवर चालून गेले, पण वाटेत दलदल लागली आणि घोडी तीत फसली. तेथून पुढे सात महिने बाजीराव आणि त्यांची फौज या मुलखातून त्या मुलखात फिरत राहिली. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टी येथे बापू गोखले पडले. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. राज्य गेले, हे आपण इतिहासात वाचतो. पण त्या दिवशी हजारो शिलेदारांची नोकरीही गेली, हे फारसे कोणी सांगत नाही. काही जण ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कोल्हापूर अशा संस्थानांच्या पागांत गेले. काही इंग्रजांच्या नव्या घोडदळात शिरले. बाकीचे आपापल्या गावी परतले आणि नांगराला लागले. घोडा विकला गेला किंवा म्हातारा होऊन मेला. खोगीर आणि लगाम मात्र विकून फारसे काही येणार नव्हते. ते माळ्यावर चढले.

इंग्रजांच्या ज्या घोडदळात हे स्वार गेले, त्यातले एक पुण्याचेच होते. १८१७ च्या जून महिन्यातील पुण्याच्या तहाने पेशव्यांकडून मुलूख घेऊन त्याच्या उत्पन्नावर हे घोडदळ उभे राहिले. तेच पुढे 'पूना हॉर्स' म्हणून प्रसिद्ध झाले. १९६५ च्या युद्धात ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, ते लेफ्टनंट कर्नल तारापोर याच पलटणीचे सेनापती होते. तोवर घोडे जाऊन रणगाडे आले होते, पण नावातला घोडा तसाच राहिला.

आता यातली मौज बघा. इंग्रजांनी मराठ्यांना जिंकले, पण स्वार ठेवण्याची मराठ्यांची रीत उचलली. 'सिलादार' हा शब्द त्यांच्या लष्करी दप्तरात कायमचा बसला. स्वाराने घोडा आणि सामान आपले आणावे, सरकारने त्याला पगार जरा जास्त द्यावा. स्वारांनी दरमहा थोडी वर्गणी काढावी आणि कोणाचा घोडा मेला तर त्या चंद्यातून दुसरा घ्यावा. १८५७ नंतर तर हिंदी घोडदळाच्या बहुतेक पलटणी याच पद्धतीने चालत. पहिल्या महायुद्धात घोडे आणि सामान एवढ्या मोठ्या प्रमाणावर पुरवणे या पद्धतीला झेपेना, म्हणून युद्धानंतर ती बंद झाली. या पद्धतीमुळे एक गोष्ट घडली, ती संग्राहकाने गाठीला बांधून ठेवावी. सामान सरकारी कोठारातून आलेले नसे, त्यामुळे पलटणीपलटणीत ते वेगळे दिसे, आणि त्यावर सरकारी छाप असेलच असे नसे. म्हणून छाप नाही एवढ्यावरून 'हे लष्करी नव्हे' असे म्हणू नये.

आता खोगिराकडे वळू.

ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जू नीट बसले नाही की बैलाच्या मानेला खांदा येतो, म्हणजे सूज येऊन ती सोलवटते, आणि तो बैल महिनाभर कामातून जातो. घोड्याचेही तसेच. घोड्याच्या पाठीचा कणा भार सोसण्यासाठी नाही. भार सोसतात ते कण्याच्या दोन्ही अंगांचे स्नायू. तेव्हा खोगीर असे पाहिजे की स्वाराचे वजन दोन्ही बाजूंना वाटले जावे, कण्यावर पोकळी राहावी आणि त्या पोकळीतून वारा खेळावा. कण्यावर भार पडला की पाठ लागते, म्हणजे तिला जखम होते. त्या जखमेत माशी बसते, पू होतो, आणि घोडा जिवंत असूनही नसल्यासारखा होतो. लढाईत गोळी लागून घोडे मरत, हे खरे. पण लागलेल्या पाठी, उपासमार आणि थकवा यांनी मोडलेल्या घोड्यांची मोजदाद कवने करीत नाहीत.

या पाठीच्या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात दोन तऱ्हेची उत्तरे होती. आपल्या साध्या देशी खोगिरात लाकडाचा सांगाडा नसे. जाड कापडाच्या किंवा नमद्याच्या गाद्या शिवून त्यांत भरती घालीत. हे खोगीर मऊ, हलके आणि गावातल्या गावात दुरुस्त होणारे. घोड्याच्या पाठीचा आकार ते आपणहून घेई. पण भरती दबली की गादी चपटी होई आणि भार थेट कण्यावर येई. म्हणून वरचेवर टाके उसवून नवी भरती घालावी लागे. म्हणजे पाहा, ज्या खोगीरभरतीला आपण आज टाकाऊ म्हणतो, तिच्यावर त्या काळी घोड्याची पाठ, आणि पाठीवर शिलेदाराचे घर उभे होते!

युरोपातील सैन्यांचे उत्तर निराळे होते. त्यांच्या खोगिराला लाकडाचा सांगाडा असे. पुढे-मागे दोन कमानी आणि त्यांना जोडणाऱ्या दोन लांबट फळ्या. फळ्या कण्याच्या दोन अंगांना बसत आणि कमानींमुळे कणा मोकळा राही. पुढे लाकडी कमानींच्या जागी लोखंडी आणि मग पोलादी कमानी आल्या. पण लाकूड काही घोड्याबरोबर बारीक होत नाही. मोहिमेत घोडा वाळला की तेच खोगीर त्याला बोचू लागे. त्यावर उपाय म्हणून खाली घडी घातलेले कांबळे घालीत. घोडा वाळला की घडी बदलून जाड करायची. कांबळ्याप्रमाणे नमदाही वापरीत. लोकर दाबून केलेला नमदा ही आपल्याकडची जुनी वस्तू. इंग्रजांनी ती घेतली आणि तिच्या नावाचे 'नम्ना' केले. आजही इंग्रजी बोलणारे घोडेस्वार खोगिराखालच्या गादीला त्याच नावाने ओळखतात. आपल्या मोतद्दाराच्या तोंडचा शब्द असा सातासमुद्रापलीकडे जाऊन बसला आहे.

चांगले खोगीर असले म्हणजे सगळे साधते, असेही कोणी समजू नये. शतकाच्या अखेरीस, १८९९ ते १९०२ या काळात, दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर लोक यांचे युद्ध झाले. इंग्रजांची खोगिरे काही वाईट नव्हती. तरीही त्या युद्धात इंग्रज सैन्याचे तीन लाखांहून अधिक घोडे कामास आले. लांबच्या समुद्रप्रवासाने दमलेली जनावरे विसावा न देता मोहिमेवर काढली. पाठीवर स्वार आणि सामान मिळून शंभर किलोंच्या वर ओझे घातले. चारा अपुरा पडला, आणि मुक्कामालाही खोगीर वेळेवर उतरले नाही. तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथ गावी १९०५ साली त्या घोड्यांचे स्मारक उभारले गेले. त्यात एक शिपाई गुडघे टेकून आपल्या घोड्यापुढे पाण्याची बादली धरून आहे. घोडदळाच्या इतिहासातले हे एक खरे चित्र आहे.

म्हणून माझे एक सांगणे आहे. जुने खोगीर हाती आले की वरची कलाबतू, चांदीची फुले, मखमल हे सगळे पाहून घ्या, आणि मग ते खोगीर उलटे करून पाहा. खालची बाजू खरे बोलते. घामाचे डाग कुठे आहेत? ते दोन्ही अंगांना सारखे आहेत, की एकीकडे जास्त? भरती कुठे दबली आहे? टाके किती वेळा उसवून पुन्हा घातले आहेत, आणि ते चांभाराच्या दाभणाचे आहेत की घरातल्या बाईमाणसाच्या सुईचे? फाटलेल्या जागी ठिगळ आहे, ते लुगड्याचे की घोंगडीचे? ज्या खोगिराच्या पोटाला घामाचा डागच नाही, ते मिरवणुकीत मिरवले असेल, पण मोहिमेवर गेलेले नाही. आणि ज्याला दहा ठिगळे आहेत, त्याच्यापुढे नमस्कार करावा. त्याने कोणाचे तरी घर सांभाळले आहे.

संग्रहाचा हा छंद पाश्चात्त्य देशांत फार जुना आहे. तिकडचे संग्राहक कसे काम करतात ते पाहिले, तर आपले काम कुठे अवघड आहे हे कळते. अमेरिकेच्या सैन्याने १८५९ साली एक खोगीर स्वीकारले. मॅक्लेलन नावाच्या अधिकाऱ्याने युरोपातील सैन्ये पाहून आल्यावर ते सुचवले होते. त्याला लाकडी सांगाडा, वर कच्चे चामडे आणि बैठकीच्या मधोमध लांबट फट. हलके, स्वस्त आणि घोड्याच्या कण्याला वारा देणारे. तिथल्या यादवी युद्धातल्या अशा कित्येक खोगिरांवर पितळेची लहानशी ढाल ठोकलेली असते आणि तिच्यावर बैठकीचे माप इंचांत असते, अकरा, साडेअकरा किंवा बारा. कोणत्या वर्षी चामडे बदलले, कोणत्या वर्षी कडी बदलली, याची त्यांच्याकडे सरकारी कागदांत नोंद आहे. इंग्रजांच्या सामानावर रुंद बाणाची खूण असते, आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाखाली 'आय' हे इंग्रजी अक्षर असते. लगामाच्या दोन्ही बाजूंना पितळी चकत्या असत, त्यांवर पलटणीचे चिन्ह किंवा आकडा उठवलेला असे. म्हणजे तिकडची वस्तू आपले कूळ आपणच सांगते. पुस्तक उघडायचे आणि ताडून पाहायचे.

आपल्या शिलेदाराच्या खोगिरावर मात्र ना ढाल, ना बाण, ना साल. ते गावच्या कारागिराने केले, घरच्यांनी भरले, आणि वापरणाऱ्याला ते कोणाचे हे ठाऊकच होते! त्यावर नाव घालणार कोण आणि कशाला? तेव्हा आपल्याकडे वस्तूचे कूळ सांगणारा एकच छाप उरतो, आणि तो म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण. 'हे आमच्या खापरपणज्याचं. ते शिंद्यांच्या पागेत होते.' बस्स, एवढे एक वाक्य. ते वाक्य टिपून ठेवले, तर खोगीर इतिहासाचे साधन होते. ते वाक्य हरवले, की उरते ते चामडे आणि चिंध्या. आणि हे वाक्य सांगणारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. खरी निकड आहे ती इथे.

वस्तूवर परका छाप असला तरी माणसाला विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. नोलन नावाचा एक इंग्रज घोडदळ अधिकारी होता. पुढे १८५४ साली क्रिमियातल्या प्रसिद्ध चढाईत तो मारला गेला. आदल्या वर्षी छापलेल्या आपल्या घोडदळावरील पुस्तकात त्याने निजामाच्या स्वारांची हकीकत दिली आहे. त्या स्वारांच्या तलवारी इतक्या पाणीदार कशा, म्हणून त्याने चौकशी केली. पाहतो तो काय, पाती इंग्रजांच्याच सैन्याने मोडीत काढलेली! स्वारांनी त्यांना नव्या मुठी बसवल्या, धार लावली आणि लोखंडी म्यानाऐवजी लाकडी म्यानात जपून ठेवली, इतकेच. तलवारीचे जे झाले तेच रिकिबीचे आणि लगामाच्या कडीचेही होऊ शकते. इंग्रजी बाणाची रिकीब देशी खोगिराला लटकलेली दिसली, तर 'जोड जुळत नाही' म्हणून ती वेगळी करू नका. ती तशीच वापरली गेली असेल, तर तो जोडच खरा इतिहास आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुने दिसणारे प्रत्येक खोगीर शिलेदाराचेच असते असे नाही. पाटील-देशमुखांच्या दारची घोडी होती, टांग्याचे घोडे होते, वरातीचे आणि देवाच्या पालखीपुढचे घोडेही होते. टांग्याच्या घोड्याच्या सामानात रिकीब नसते, पण गळ्यातला जाड पट्टा किंवा गळपट्टी असते. वरातीच्या सामानाला आरसे, गोंडे आणि घुंगरे जास्त, आणि खालची गादी पातळ. शिवाय नाटक-चित्रपटांसाठी आणि हौशी लोकांसाठी जुन्या नमुन्याचे नवे सामानही बनते. बनवणारा प्रामाणिकपणे नवे म्हणूनच विकतो, पण चार हात फिरल्यावर ते जुने होऊन बसते! तेव्हा झीज पाहावी. रिकिबीत पाय टेकतो तिथे लोखंड झिजलेले असावे, तंगाची भोके ओढून लांबट झालेली असावीत, लगामाची कडी एका अंगाने पातळ झालेली असावी. सगळीकडे सारखे काळवंडलेले सामान दिसले, तर जरा सबुरीने घ्यावे. नाल सापडला म्हणून घोडा घ्यायला निघू नये, तसे एका गंजलेल्या कडीवरून शिलेदार उभा करू नये.

आता निगेविषयी. जुन्या वस्तूंचे नुकसान चोरांपेक्षा प्रेमळ माणसांनी जास्त केले आहे. दिवाळी आली की चिंच आणि राख घेऊन पितळ घासायला बसणे, हे आपल्या घरातले वळण. देवाच्या समईला ते शोभते. पण जुन्या लगामाची चकती चिंचेने लख्ख केली, की तिच्यावरचा बारीक आकडा कायमचा पुसला जातो. पितळ कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि सोडून द्यावे. चामड्याला तेल चोळण्याचा मोहही असाच. वापरातल्या खोगिराला तेलपाणी हवेच. पण शंभर-दीडशे वर्षांचे कोरडे चामडे तेलाने सुधारत नाही, उलट चिकट होते, काळे पडते आणि धूळ धरते. चामड्याची लाल भुकटी हाताला लागू लागली, तर ते आतून कुजले आहे असे समजावे आणि ते वाकवू नये, चोळू नये. खोगीर खुंटीला टांगू नये. जुन्या सुती कपड्याची जाड वळकटी करून तिच्यावर ते घोड्याच्या पाठीवर बसवावे तसे बसवावे. ऊन आणि ओल दोन्हीपासून दूर ठेवावे. नमद्याला आणि लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा उलटून पाहावे.

आणि एक गोष्ट मुळीच करू नये. खोगीर चपटे दिसते म्हणून त्याची जुनी भरती काढून नवा कापूस भरू नये. त्या भरतीत काय आहे यावरून ते कोणत्या मुलखात भरले गेले, त्या घरात काय उपलब्ध होते, ते कितीदा दुरुस्त झाले, हे पुढे एखादा जाणकार सांगू शकेल. भरती फेकली तर खोगीर गुबगुबीत दिसेल आणि मुके होईल.

आपल्याकडे हे काम कोणी केलेच नाही, असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले आणि लोकांच्या घरांतून जुने कागद त्यांनी गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रद्दीत जायची ती पत्रे त्यामुळे वाचली. पुढे पुण्याच्याच दिनकर गंगाधर केळकरांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. धंदा चष्म्यांचा, आवड कवितेची, आणि जमवीत काय? तर दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, दरवाजे! लोक ज्याला अडगळ म्हणत, ते त्यांनी पदरमोड करून घरी आणले. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला देऊन १९७५ साली त्यांनी तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यास गेलात तर मुलांना घेऊन तो अवश्य पाहा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, तेही पाहण्यासारखे आहे. पण रणगाडा आपल्या वजनाने टिकतो. खोगिराला उंदीर, कसर आणि भंगारवाला असे तीन शत्रू आहेत.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. एक वही घाला. येत्या खंडेनवमीला ज्या घरांत शस्त्रांची पूजा होते, तिथे परवानगी घेऊन वरच्या वर्गातल्या दोन-चार मुलांसह जा. त्या दिवशी तलवारीबरोबर जुने लगाम आणि रिकिबीही माळ्यावरून खाली उतरतात. घरातल्या सगळ्यात वडील माणसाजवळ बसा. ही वस्तू कोणाची? त्यांना कोणी पाहिले होते? ते कोणाच्या पागेत होते? घोड्याचे नाव काय? या पट्ट्याला तुमच्याकडे काय म्हणतात? ही कुठे दुरुस्त केली? घरात हिच्यासंबंधी काही कागद आहे का? उत्तर ज्या शब्दांत येईल त्याच शब्दांत लिहून घ्या. ते आपल्या पुस्तकी भाषेत बसवू नका. वस्तूचे चित्र काढा, लांबी-रुंदी मोजा, वरून एक आणि खालून एक छायाचित्र घ्या. तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहा आणि जे कागदात आहे ते कागदातले म्हणून लिहा. हे दोन रंग एकमेकांत मिसळू देऊ नका. मुलांना इतिहासाचा याहून चांगला धडा दुसरा नाही.

वस्तू शाळेत आणायलाच हवी असे नाही. घरच्यांची श्रद्धा असेल, तर ती त्यांच्याच घरी राहणे बरे. आपण फक्त वही न्यायची आणि वही आणायची. कोणी आपण होऊन दिली, तर पोचपावती करून, नोंद करून घ्यावी. आणि बाहेरचा कोणी पैसे घेऊन आला, तर घरच्यांना एवढे सांगून ठेवा की शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. दोन नोटांसाठी पणज्याचे खोगीर परमुलखी जाते, आणि जाताना त्याची हकीकत इथेच मरून पडते. विकत घेणाऱ्याला वस्तू मिळते, पण हकीकत नाही. विकणाऱ्याला दोन्हींपैकी काहीच उरत नाही.

शेतकरी मंडळींना वेगळे काय सांगू? जनावराची पाठ लागली की तुम्हांला रात्री झोप येत नाही. त्या शिलेदाराचीही तीच गत होती. तो तुमचाच पूर्वज. त्याचे नाव बखरीत सापडणार नाही, त्याच्यावर पोवाडा कोणी रचला नाही. त्याने आपल्या घोड्याची काळजी कशी घेतली, एवढेच त्याच्यामागे उरले आहे, आणि ते त्या खोगिराच्या खालच्या अंगाला टाक्याटाक्यांनी लिहिलेले आहे.

या आठवड्यात सवड काढून माळ्यावर चढा. धूळ झटकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना हाक मारा. खोगीर निघाले तर ते उलटे करा, आणि ते सांगतील ते लिहून घ्या. काहीच निघाले नाही, तर निदान नातवाला तोबरा म्हणजे काय ते सांगा. तेवढेही पुष्कळ झाले.